हरणाशी वाहनाची टक्कर झाल्यावर

जबलपूर शहर नर्मदेच्या खोऱ्यात वसलेले असले, तरी सातपुडा आणि विंध्य या दोन्ही पर्वतरांगांचे फाटे त्याच्या जवळ येऊन पोहोचले आहेत. त्यामुळे शहरातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक वाटा कोठे ना कोठे अरण्याला स्पर्श करतात. दक्षिणेकडे लखनादौन, सिवनी व खवासा या मार्गाने नागपूरला जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. आग्नेयेकडील मंडल्याचा रस्ता कान्ह्याच्या सालवनांकडे नेतो. पश्चिमेकडील भोपाळचा रस्ता 2023 मध्ये घोषित झालेल्या वीरांगना दुर्गावती व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून जातो. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. शहरालगत डुमना विमानतळाच्या वाटेवर महानगरपालिकेने राखलेले वन आहे आणि तेथे चितळांचे कळप सहज दृष्टीस पडतात. 4 डिसेंबर 2015 रोजी याच विमानतळावर उतरणारे एक प्रवासी विमान धावपट्टीवर आलेल्या रानडुकरांच्या कळपावर आदळले होते. प्रवासी सुखरूप राहिले. परंतु माणसाची वाट आणि जनावराची वाट एकमेकींना किती जवळून छेदतात, हे त्या घटनेने दाखवून दिले.

अशा प्रदेशात वाहन चालविणाऱ्याला हरणाशी टक्कर होण्याचा प्रसंग केव्हाही येऊ शकतो. टक्कर टाळावी कशी, याविषयी थोडेफार सांगितले जाते. टक्कर झाल्यावर करावे काय, याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. या प्रकरणात मुख्यतः त्याचाच विचार करावयाचा आहे.

एक प्रसंग

समजा, जबलपूरचे एक कुटुंब कान्हा पाहून मंडल्यामार्गे घरी परतत आहे. हिवाळ्याचे दिवस आहेत. सूर्य नुकताच मावळला आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूच्या झुडपांतून एक चितळ उडी घेऊन पलीकडे जाते. चालक सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो तोच दुसरे चितळ गाडीसमोर येते. ब्रेक लागतो, पण उशिरा. डावा दिवा फुटतो, बोनेट चेपते आणि ती मादी रस्त्याच्या कडेला जाऊन पडते. तिचे मागचे पाय हलत नाहीत, परंतु मान वर आहे आणि डोळे उघडे आहेत.

काही मिनिटांतच तेथे माणसे जमतात. एक वृद्ध गृहस्थ म्हणतात, "बिचारीला पाणी पाजा." मागून आलेला ट्रकचालक सांगतो, "साहेब, गाडी काढा आणि निघा. वनखात्याच्या भानगडीत पडाल, तर वर्षभर हेलपाटे घालावे लागतील." तिसरा काही बोलत नाही, पण त्याची नजर जनावराच्या मांसल मांडीवर खिळलेली असते.

हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिला दयेतून आलेला आहे, दुसरा भीतीतून आणि तिसरा लोभातून. ते का चुकीचे, हे समजून घेतले म्हणजे योग्य वर्तन कोणते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

टक्कर का होते

हरणाच्या स्वभावाविषयी थोडे जाणून घेतल्यास पुढील गोष्टी समजणे सोपे जाईल. चितळ, सांबर, भेकर ही हरिणकुळातील जनावरे पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक हालचाल करतात. सांबर तर बहुतांशी रात्रीच चरते. नीलगाय व चौशिंगा हे वस्तुतः हरिणकुळातील नव्हेत. त्यांची शिंगे दरवर्षी गळून पडत नाहीत. परंतु रस्त्यावर त्यांच्यापासून उद्भवणारा धोका तसाच असतो.

हरणाच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. अंधुक उजेडात पाहण्यासाठी तो फार उपयोगी पडतो. परंतु वाहनाच्या प्रखर दिव्यांसमोर तेच डोळे दिपून जातात आणि जनावर जागच्या जागी थिजते. शिवाय वाघ किंवा बिबट्या यांच्यापासून वाचण्याची त्याची रीत अशी, की आधी निश्चल उभे राहावयाचे आणि धोका अगदी जवळ आला म्हणजे एकदम उसळी घ्यावयाची. वाघापुढे ही रीत बहुधा यशस्वी होते. ताशी 80 किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीपुढे ती निरुपयोगी ठरते.

यात वेगाचा हिशेब महत्त्वाचा आहे. कोरड्या रस्त्यावर, सावध चालकाला ताशी 40 किलोमीटर वेगात गाडी थांबविण्यास सुमारे 20 मीटर अंतर लागते. वेग 60 असल्यास हे अंतर 35 ते 40 मीटर होते आणि 80 असल्यास 55 ते 60 मीटर. डिपर दिव्याचा उपयुक्त उजेड साधारणपणे 40 ते 50 मीटरपर्यंत पोहोचतो. याचा अर्थ असा, की डिपर लावून ताशी 80 च्या वेगाने जाणारा चालक स्वतःला दिसते त्यापलीकडे गाडी नेत असतो. चितळाचा नर 70 ते 90 किलोग्रॅम वजनाचा असतो. सांबराचा मोठा नर 200 किलोग्रॅमच्याही पुढे जातो. एवढे वजन काचेवर आदळले, तर गाडीतील माणसेही वाचण्याची शाश्वती नसते.

एवढे असूनही जनावर समोर आल्यावर चालकाने चाक एकदम वळवू नये. गाडी सरळ ठेवून जोराने ब्रेक लावणे हेच अधिक सुरक्षित असते. हरणाला चुकविण्यासाठी वळविलेली गाडी झाडावर किंवा समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली, तर हानी अनेक पटींनी वाढते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चितळे कळपाने राहतात व एकामागून एक रस्ता ओलांडतात. पहिले गेले म्हणजे धोका टळला असे न समजता दुसरे येणार असे समजावे.

पहिली पाच मिनिटे

टक्कर झाल्यानंतर पहिले कर्तव्य माणसांविषयीचे आहे. गाडी शक्य असल्यास रस्त्याच्या कडेला घ्यावी, धोक्याचे चारही दिवे लुकलुकते ठेवावेत आणि कोणाला इजा झाली आहे काय, हे पाहावे. इजा झाली असल्यास 108 वर रुग्णवाहिका मागवावी. 112 या क्रमांकावर पोलीस, अग्निशामक व वैद्यकीय अशी सर्व मदत मिळते. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा क्रमांकही उपलब्ध आहे.

त्यानंतर मागून येणाऱ्या वाहनांना इशारा द्यावा. गाडीतील लाल त्रिकोण पन्नास पावले किंवा त्याहूनही मागे ठेवावा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवावा. मुलांना गाडीपासून दूर, रस्त्याच्या कडेपलीकडे उभे करावे. मात्र त्यांना झाडीत जाऊ देऊ नये. जखमी जनावराच्या वासाने आणि आवाजाने मांसभक्षक प्राणी येण्याचा संभव असतो. अपघातस्थळी दुसरा अपघात घडतो तो बहुधा अशा सावधगिरीच्या अभावी.

गाडीच्या पुढच्या भागाखाली पाणी अथवा तेल गळत असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करू नये. रेडिएटर फुटलेला असताना थोडे अंतर गेले तरी इंजिन निकामी होऊ शकते.

दयेची चूक

आता जखमी जनावराकडे वळू. येथेच सज्जन माणसाच्या हातून सर्वाधिक चुका होतात, कारण त्याला काहीतरी करावेसे वाटते. अशा वेळी बहुधा काही न करणे हीच मोठी मदत असते.

रानातील हरणाला माणूस हा शिकारीच वाटतो. त्याच्या दृष्टीने आपला प्रेमळ हात आणि बिबट्याचा पंजा यांत फरक नसतो. पकडले गेलेले, घेरले गेलेले किंवा जिवाच्या आकांताने धडपडणारे हरीण अतोनात भीतीने आणि श्रमाने आतून खचते. त्याच्या स्नायूंत आम्ल साठते, स्नायूंचे तंतू तुटू लागतात आणि त्यांतून सुटलेले द्रव्य रक्तावाटे मूत्रपिंडांत जाऊन त्यांना निकामी करते. पशुवैद्यक या अवस्थेला 'कॅप्चर मायोपॅथी' म्हणतात. हरिणवर्गीय प्राण्यांत ती विशेष आढळते. हरीण काही तासांत दगावते, किंवा बरे झाले असे वाटत असतानाच काही दिवसांनी अचानक मरते. वाहनाचा धक्का किरकोळ असतानाही गर्दीने जीव घेतला, असे यामुळे घडू शकते.

म्हणून पुढील पथ्ये कटाक्षाने पाळावीत. जनावरापासून निदान वीस-पंचवीस पावले दूर राहावे. जमलेल्या लोकांना मागे हटवावे, गोंगाट थांबवावा, दिव्यांचा झोत त्याच्या डोळ्यांवर पडू देऊ नये आणि छायाचित्रे घेण्यासाठी कोणाला पुढे जाऊ देऊ नये. ते उठून लंगडत झाडीत गेले, तर पाठलाग करू नये. कोणत्या दिशेला गेले एवढे मात्र नीट पाहून ठेवावे.

त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. धक्क्याने अर्धवट शुद्धीत असलेल्या जनावराला नीट गिळता येत नाही आणि पाणी फुप्फुसांत उतरते. रवंथ करणारे जनावर एका कुशीवर पडून राहिल्यास पोटात वायू साठून गुदमरू शकते, हे खरे. परंतु त्याला उठवून बसविण्याचे काम जाणत्या माणसाचे आहे. वनकर्मचारी किंवा पशुवैद्य यांनी दूरध्वनीवरून सांगितले, तरच आणि ते सांगतील तेवढेच करावे. हरणाचे खूर आणि नराची शिंगे माणसाला गंभीर जखमा करू शकतात. रक्ताला व लाळेला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

जनावर गाडीत घालून दवाखान्यात नेण्याचा मोहही टाळावा. बंद गाडी, माणसांचा वास आणि हादरे यांनी त्याची अवस्था आणखी बिघडते. शिवाय शुद्धीवर आलेले चितळ धावत्या मोटारीत काय अनर्थ करील, याची कल्पना केलेली बरी. मृत मादीजवळ पाडस दिसले, तर तेही उचलून आणू नये. त्याची जागा लक्षात ठेवून वनखात्याला कळवावे.

उपचाराची सोय नाही असे मात्र नव्हे. जबलपूर येथे 1948 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. 2009 मध्ये स्थापन झालेल्या नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठाचे ते आज एक अंग आहे. त्याच विद्यापीठात वन्यप्राण्यांचे आरोग्य आणि न्यायवैद्यक यांना वाहिलेला स्वतंत्र विभाग आहे. जनावराला बेशुद्ध करून, डोळे झाकून, योग्य पिंजऱ्यातून आणण्याचे शिक्षण घेतलेली माणसे तेथे आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग वनखात्यातून जातो, खाजगी मोटारीतून नव्हे.

भीतीची चूक

ट्रकचालकाचा सल्ला अधिक प्रचलित आहे आणि म्हणूनच अधिक घातक. त्याच्या मुळाशी कायद्याविषयीचे अज्ञान असते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 याने वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी केली आहे. 'शिकार' या शब्दाची कायद्यातील व्याख्या व्यापक असून जखमी करणे, पकडणे व तसा प्रयत्न करणे याही गोष्टी तिच्यात येतात. हे वाचून चालक घाबरतो. परंतु चुकून प्राणी मारला जाण्याचे प्रसंग येणार, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते. कलम 39 नुसार मृत सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता होय. असा प्राणी अथवा त्याचा भाग ज्याच्या ताब्यात येईल, त्याने 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला खबर द्यावी आणि मागणी होताच तो त्यांच्या हवाली करावा, असेही ते कलम सांगते.

यावरून स्पष्ट होईल, की खबर देणाऱ्याची बाजू बळकट होते आणि पळून जाणाऱ्याची दुबळी. वेगमर्यादा मोडली होती काय, अभयारण्यात बंदीच्या वेळी वाहन शिरले होते काय, याची चौकशी होऊ शकते आणि ती होणे योग्यच आहे. परंतु नियमाने जाणाऱ्या माणसाला स्वतःहून थांबण्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. वनखाते पंचनामा करते, मृत जनावराचे शवविच्छेदन होते आणि मृत्यू धडकेने आला की गोळीने, फासाने अथवा रोगाने, हे त्यातून उघड होते. खबर देणाऱ्याला हा तपास तारक असतो. उलट, फुटलेल्या दिव्यासह व केस चिकटलेल्या बोनेटसह पुढच्या नाक्यावर अडविलेल्या माणसाला आपले निरपराधित्व पटवून देणे कठीण जाते.

विम्याचे पैसे मिळण्यासाठीही या नोंदीची मदत होते. केवळ त्रयस्थ पक्षाच्या विम्यातून स्वतःच्या गाडीची दुरुस्ती होत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा असावा लागतो. तो असल्यास कंपनीला त्वरित कळवावे, सर्व्हेयरने पाहण्यापूर्वी दुरुस्ती करू नये आणि पोलीस किंवा वनखात्याकडील नोंदीची प्रत जवळ ठेवावी. गाडीची व रस्त्याची छायाचित्रे घ्यावीत, परंतु दुरूनच.

लोभाची चूक

तिसऱ्या सल्ल्याविषयी थोडक्यात सांगता येईल. मेलेले हरीण कोणाचेच नसते, मग ते वाया का घालवावे, असा युक्तिवाद केला जातो. कायद्याच्या दृष्टीने ते कोणाचेच नसते असे नाही. ते शासनाचे, म्हणजे आपणा सर्वांचे असते. त्याचे मांस, कातडे किंवा शिंगे लेखी परवानगीवाचून बाळगणे हा गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा 2022 च्या दुरुस्तीनंतर एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्राणी पहिल्या अनुसूचीतील असल्यास कारावास किमान तीन व कमाल सात वर्षांचा असतो. मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी बारशिंगा हा या अनुसूचीत मोडतो. 1970 मध्ये कान्ह्यात त्याची संख्या अवघ्या 66 वर आली होती आणि अनेक वर्षांच्या परिश्रमांनी ती सावरली, हे सांगितले म्हणजे या कठोरपणाचे कारण कळते. शिजविलेल्या मांसावरूनही प्राण्याची जात ओळखण्याच्या रीती आज उपलब्ध आहेत.

खबर कशी द्यावी

खबर देताना पाच गोष्टी सांगाव्यात: ठिकाण, वेळ, प्राण्याची जात अथवा वर्णन, तो जिवंत आहे की मृत, आणि उठून गेला असल्यास दिशा. ठिकाणासाठी रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा सर्वांत उपयोगी. दगड दिसत नसेल, तर जवळचे गाव, पूल किंवा धाबा सांगावा. वनखात्याचा क्रमांक ठाऊक नसल्यास 112 वर कळवावे व वनखात्यास निरोप देण्यास सांगावे. महाराष्ट्राच्या हद्दीत वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे. रात्रीच्या वेळी जंगलात संपर्क होत नसेल, तर पुढच्या वनचौकीवर, टोलनाक्यावर किंवा पोलीस ठाण्यावर थांबून प्रत्यक्ष सांगावे. कोणाला व किती वाजता कळविले, हे लिहून ठेवावे.

जनावर पळून गेले तरी खबर द्यावी. स्वीडनमध्ये हरीण किंवा एल्क यांसारख्या ठराविक प्राण्यांशी टक्कर झाली, की पोलिसांना कळविणे आणि जागेवर खूण करणे चालकावर कायद्याने बंधनकारक आहे, मग प्राणी जखमी दिसो वा न दिसो. त्यानंतर प्रशिक्षित माणसे कुत्र्यांच्या साहाय्याने रक्ताचा माग काढतात. वरून धडधाकट दिसणारे जनावर झाडीत जाऊन यातना भोगत पडलेले असू शकते, हा अनुभव त्यामागे आहे.

एका नोंदीचे मोल

शेवटी एक प्रश्न उरतो. हरीण मेलेच असेल, तर या सर्व खटाटोपाचा उपयोग काय? त्याचे उत्तर जबलपूर–नागपूर मार्गावरच मिळते.

पूर्वी राष्ट्रीय महामार्ग 7 म्हणून ओळखला जाणारा आणि आता 44 हा क्रमांक असलेला हा रस्ता पेंचच्या जंगलात चौपदरी करावयाचे ठरले, तेव्हा कान्हा आणि पेंच यांमधील वन्यप्राण्यांचा मार्ग तुटेल, असा आक्षेप घेण्यात आला. प्रकरण अनेक वर्षे न्यायालयांत चालले. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून 50 पासून 750 मीटरपर्यंत रुंदीची नऊ बांधकामे करण्यात आली. 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत 18 जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. वाघही त्या वाटेने गेले आणि चितळेही. वर ट्रक धावत असताना खालून कळप शांतपणे पार होतो, हे दृश्य आज तेथे नित्याचे आहे. जबलपूर–भोपाळ मार्गावरही वीरांगना दुर्गावती प्रकल्पाच्या क्षेत्रात 25 भुयारी मार्ग योजण्यात आले असून, 2025 मध्ये तेथील घाटात रस्त्यावर किंचित उंच असे लाल पट्टे घालण्यात आले. चाकांना जाणवणारा त्यांचा सौम्य खडखडाट चालकाला वेग कमी करावयास लावतो.

असा मार्ग नेमका कोठे बांधावयाचा, हे अभियंत्याला नकाशावरून कळत नाही. जनावरे कोठे रस्ता ओलांडतात आणि कोठे मरतात, याच्या नोंदी त्यासाठी लागतात. रात्री धडक देऊन निघून गेलेल्या गाडीबरोबर ती नोंदही निघून जाते. कोल्हे व गिधाडे उरलेसुरले संपवितात, आणि कागदोपत्री तेथे काहीच घडलेले नसते. मग पुढच्या हिवाळ्यात त्याच ठिकाणी दुसरे चितळ दुसऱ्या गाडीसमोर येते.

आपल्या उदाहरणातील कुटुंबाने वृद्ध गृहस्थांना नम्रपणे पाण्याचा तांब्या मागे घेण्यास सांगितले, ट्रकचालकाला त्रिकोण ठेवण्याच्या कामी लावले आणि 112 वर किलोमीटरचा आकडा कळविला, तर त्याने आपले कर्तव्य पार पाडले असे म्हणता येईल. कंबर मोडलेली मादी वाचेलच असे नाही. पुष्कळदा ती वाचत नाही. तरीही तिला शांततेत राहू देणे, जाणत्या माणसांच्या स्वाधीन करणे आणि ती जागा नोंदवून ठेवणे या तीन गोष्टी आपल्या हातात असतात. त्यांतील शेवटची गोष्ट तिच्या मागून येणाऱ्या कळपासाठी आहे, आणि तितकीच त्या रस्त्याने येणाऱ्या पुढच्या माणसांसाठीही.